टपाची डागडुजी

माझा मोठा भाऊ भाताचे भारे खळ्यावर आणताना ट्रॅक्टरवरच गेला. हार्ट अटॅक. ट्रॅक्टर पहिल्या गियरमध्ये होता, तो तसाच पुढे चालत राहिला, बांधावर चढला आणि सीटवरच्या छपराचा टप आंब्याच्या फांदीत अडकल्यावर बंद पडला. भाऊ सीटवरच होता, स्टिअरिंगवर मान टाकून. मी तेव्हा पेणला. रोह्याला उतरून गावात पोहोचेपर्यंत त्याला ओटीवर ठेवलं होतं, बायका रडत होत्या, आणि मी काय करत होतो? चपला जोडीने कडेला लावत होतो. हे अगदी स्पष्ट आठवतं. दहावं झालं, तेरावं झालं, मला काही रडू आलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, तसा मी सगळाच झालो होतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "ट्रॅक्टर काढून टाकू. कोलाडचा एक जण रविवारी बघायला येतोय. तू तेवढा टप नीट कर. फुटका दिसला की गिऱ्हाईक शंभर गोष्टी विचारतं."

"करतो," मी म्हणालो. मलाही तो विकायचाच होता. अंगणात तो उभा असायचा म्हणून मी पडवीच्या दाराने ये-जा करत होतो.

वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मला कुणी विचारलाय?"

"अगो, तुला काय विचारायचं? तुला येतो चालवायला?"

"शिकेन."

"शिकेन म्हणे!" असं म्हणून बाबा बाहेर निघून गेले. भाऊ घरची शेती करून गावातल्या चार जणांची नांगरट करायचा, त्यावर घर चालायचं. ट्रॅक्टर गेला की जमीन दुसऱ्याला खंडाने लावायची हे बाबांनी मनात पक्कं केलं होतं. म्हणजे वहिनीने नुसतं घरात बसून राहायचं, नाहीतर माहेरी जायचं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग, मला कसलंच काही वाटत नव्हतं.

पेणला गणपतीच्या कारखान्यात माझी वीस वर्षं गेली. मी फायबरचे साचे करतो. शिवाय मूर्तीचं बोट तुटलं, कान उडाला, की हाक मलाच. असा जोडतो की रंगवणारासुद्धा शोधत बसतो. आणि आमच्याकडे एक रीत आहे, जोडलेलं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. पूजा व्हायच्या आधी ती नुसती माती, त्यात पाप नाही, असं आमचे शेठ पहिल्याच दिवशी सांगतात.

तर टप. काळा, जाड प्लास्टिकचा, पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून हात-दीड हात उभी चीर. मी म्हटलं, हे माझ्या डाव्या हाताचं काम. पेणला जाऊन रेझिन, हार्डनर आणि फायबरची जाळी घेऊन आलो. टप खाली उतरवला, आतून पाच थर दिले, बाहेरून घासून गुळगुळीत केलं. काय सुरेख दिसत होता म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात तापल्यावर सहज कडेला नख लावलं, तर अख्खं ठिगळ भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं.

"अरे गाढवा, वीस वर्षं काय गवत उपटलंस?" मी स्वतःलाच ओरडलो. ठिगळ कुडाच्या पलीकडे भिरकावून दिलं.

वहिनी धुणं वाळत घालत होती. ती आली, चिरेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "भावोजी, ह्याच्यावर तुमचा फायबर बसायचा नाय. हा बादलीचा प्लास्टिक हाय. आमच्या पिंपाचा कान तुटला तेव्हा ह्यांनी उलथना तापवून चिकटवला होता. वर त्याच प्लास्टिकची पट्टी वितळवली. अजून जागचा हलला नाय."

मला राग आला. कारागीर मी, आणि अक्कल ही शिकवणार. पण गेलो मागे, पिंप बघितलं. कान घट्ट होता. थोडा ओबडधोबड, भावाच्या हातचं सगळं असायचं तसा.

मग रोह्याच्या बाजारातून सोल्डरिंग आयर्न आणलं, मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात ते. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला आधी बारीक भोक पाडलं. चिरेच्या दोन्ही कडा तासून मधे खाच केली. टपाच्या आत मागच्या बाजूला बिनकामाची एक कड होती, ती कापून काढली आणि वहिनीने विळीवर तिच्या पट्ट्या चिरून दिल्या. मी खाचेत पट्टी धरायची, वरून गरम टोक फिरवायचं, नवं-जुनं एक होईपर्यंत दाबायचं. आतून चाळणीच्या जाळीचा तुकडा तापवून रुतवला. दोन दिवस हेच. धुराचा घाण वास, अंगणात आम्ही दोघं, आणि बोलणं म्हणजे "पट्टी द्या," "घ्या," एवढंच.

मधेच वहिनी ओरडली, "अवो, हात!"

बघतो तर गरम टोक माझ्या अंगठ्यालाच टेकलेलं. कातडी पांढरी पडली होती.

"दुखत नाय काय?"

"नाय."

खरंच दुखत नव्हतं. तिने कोरफड चिरून आणली, माझ्या अंगठ्यावर दाबली आणि म्हणाली, "मला पण काय दुखत नाय. लोकांना वाटतंय मी धीराची हाय." मग ती पुन्हा पट्ट्या चिरायला बसली.

शनिवारी टप घासला, काळा रंग मारला, वर चढवून बोल्ट आवळले. चीर कुठे होती ते माझं मलाच सापडेना. बाबा दोनदा येऊन बघून गेले.

रविवारी कोलाडचा माणूस आला. टायर बघितले, इंजिन चालू करून ऐकलं, टपावर टिचक्या मारल्या.

"नवा टाकला काय टप?"

"नाय, कंपनीचाच."

"कुठं लागला-बिगला नाय ना कधी?"

"छे हो. घरचा एकहाती वापर." मी बिनदिक्कत बोललो. रोजचंच बोलणं माझं.

वहिनी चहा घेऊन आली होती. तिने ट्रे मडगार्डवर ठेवला.

"फुटला होता टप," ती त्या माणसाला म्हणाली. "माझा नवरा ह्याच सीटवर गेला. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. गाडी फांदीत घुसली तेव्हा फुटला. हा बघा, इथून इथपर्यंत." आणि मला न सापडणारी ती चीर तिने बोटाने बरोबर दाखवली.

त्या माणसाने सीटवरचा हात काढून घेतला. चहाला हातसुद्धा लावला नाही. बाबांना म्हणाला, "विचार करून कळवतो," आणि मोटरसायकलला किक मारून गेला. कळवणार कसला! संध्याकाळपर्यंत कोलाडपर्यंत सगळ्यांना कळणार होतं, आणि माणूस गेलेला ट्रॅक्टर आमच्याकडे कुणी दारात उभा करून घेत नाही.

बाबा ओरडले, "काय केलंस गो हे? आता कुत्रं विचारायचं नाय त्याला!"

"म्हणूनच सांगितलं," वहिनी म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलावं असं त्यांना वाटत होतं. मी मडगार्डवरचा चहाचा ट्रे उचलून बाजूला ठेवला. ते काठी आपटत घरात गेले.

वहिनीने साडी खोचली आणि ती ट्रॅक्टरवर चढली. सीटवर बसली, स्टिअरिंग धरलं, खाली वाकून बघितलं.

"भावोजी, क्लचला पाय पोचत नाय माझा. सीट पुढं घ्या."

सीटखाली एक दांडा असतो. मी गुडघ्यावर बसून तो ओढला, हलेना. भावाने घेतल्यापासून सीट एकदाही हलवली नव्हती, त्याच्या लांब पायांच्या मापाला ती तिथे गंजून बसली होती. मी तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, खांदा लावला. "तुम्ही पुढं जोर द्या," मी म्हणालो, आणि सीट एकदम खाडकन चार बोटं पुढे सरकली.

भावाची बसायची जागा मी माझ्या हाताने मोडली होती. मी तिथेच सीटखाली तोंड घालून मोठमोठ्याने रडायला लागलो, बाबा घरातून धावत बाहेर आले एवढ्या मोठ्याने.

वहिनीने वर बसल्या बसल्या क्लच दाबून बघितला, एकदा, दोनदा.

"पोचला," ती म्हणाली.