तिकिटाची मागची बाजू

नांदेडच्या मोठ्या पोस्टात ज्यांनी कुसुमताईंना खिडकीवर बसलेलं पाहिलंय, त्यांना एवढं नक्की आठवत असेल की पाकिटाच्या वजनावरून त्यांच्याशी हुज्जत घालून कुणी जिंकलेलं नाही. नोकरी चौतीस वर्षं. त्यात किनवट, हदगाव, परत किनवट आणि शेवटी नांदेड. लग्न केलं नाही. का नाही केलं म्हणून कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "बदलीचा हुकूम आधी यायचा, स्थळ मागून." विचारणारा गुमान आपल्या वाटेनं जायचा.

अशा बाईंनी अमेरिकेतल्या पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या तिकिटांच्या नादी लागावं, हे त्यांच्या भावकीला कधी उमगलं नाही. ताईंना मात्र त्यात नवल वाटायचं नाही. त्या काळी तिकडं सरकार पत्र या पोस्टातून त्या पोस्टात नेऊन टाकायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं. पत्र घरी पाहिजे असेल तर पत्रवाटप्याची वेगळी दक्षिणा. मग शहराशहरांत खासगी डाकवाले उभे राहिले आणि प्रत्येकानं आपापलं तिकीट काढलं. कुणाच्या तिकिटावर पृथ्वीच्या गोळ्यावर बसलेला गरुड, तर फिलाडेल्फियातल्या एकाच्या तिकिटावर थैली लावून घरांच्या छपरांवरून ढांगा टाकत चाललेला डाकवाला. किनवटच्या जंगलातल्या पाड्यांवर चिखल तुडवत पत्र पोचवणारे पोस्टमन ताईंनी रोज पाहिले होते. पत्र दारात पोचत नसेल तर ते पोस्ट कशाचं, असं त्यांचं मत. त्यामुळं तो ढांगा टाकणारा माणूस त्यांना आपल्या खात्यातलाच वाटायचा.

खरी तिकिटं त्यांच्या आवाक्यात कधीच नव्हती. पण त्यांच्याकडं दुसरी दौलत होती. आजोबा निजामाच्या राजवटीत वकील, त्यामुळं घरात जुन्या पाकिटांची एक ट्रंकच पडून होती. एका मासिकातल्या पत्त्यावर ताईंनी पत्र टाकलं आणि ओहायोतल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेशी त्यांची देवाणघेवाण जमली. इकडून निजामाची तिकिटं जायची, तिकडून हे डाकवाले यायचे. पहिल्या पुडक्यातल्या प्रत्येक तिकिटामागं त्या बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं की हे नकली आहे. सोबतच्या पत्रात खुलासा होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही चलाख व्यापाऱ्यांनी हौशी लोकांना गंडवायला ही छापली. खरी घ्यायची तर मला घर विकावं लागेल. पण ही नकलीसुद्धा आता म्हातारी झालीत, सांभाळा.

दुसरं कुणी चिडलं असतं. ताई खूश झाल्या. सात समुद्रांपलीकडली, कधी न भेटलेली बाई नकली वस्तू नकली म्हणून पाठवते, यात फसवणूक कुठं आली? तेव्हापासून त्यांनी नकली तिकिटांचाच संग्रह करायचं ठरवलं. तीस वर्षांत दोनशेच्या वर जमली. आलेल्या तिकिटामागची इंग्रजी अक्षरं हलक्या हातानं पुसायची, भिंगाखाली तिकीट तपासायचं, आणि मागं पेन्सिलीनं बारीक अक्षरात आपल्या हातानं लिहायचं: "खोटे, कु."

हळूहळू लोक आपली तिकिटं घेऊन त्यांच्याकडं यायला लागले. हदगावचा कापसाचा व्यापारी, देगलूरचे मास्तर, अहमदपूरचा कंपाउंडर. ताई बघायच्या आणि मागं आपली खूण करून द्यायच्या. वस्तू खोटी असेल तर "खोटे, कु." आणि खरी असेल तर नुसतं "कु." खऱ्याला खरं म्हणून वेगळं कशाला लिहायचं, असा त्यांचा हिशेब. सरळ माणसाचा हिशेब तो, दुसरं काय. घेणं-देणं काही नाही, फार तर चहा. "ताईंची खूण हाय" म्हटलं की दोन जिल्ह्यांत पुढं कुणी बोलायचं नाही.

अवधूतराव त्यांना भेटले ते लातूरच्या एका लहानशा प्रदर्शनात. कॉलेजात इतिहास शिकवायचे. नीटनेटका माणूस, बोलणं मऊ. येणारा-जाणारा तिकिटं पुढून बघत होता, या माणसानं विचारलं, "मागून बघू शकतो का?" ताईंचा जीव तिथंच जडला म्हणा. प्रेमबीम काही नव्हतं, उगाच मनात आणू नका. पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लातूरचं पत्र यायचं आणि ताईंचं उत्तर जायचं. अठ्ठावीस वर्षं. अवधूतरावांच्या लेकीच्या, आरतीच्या लग्नात ताई मावशी म्हणून मिरवल्या. अवधूतरावांची बायको गेली तेव्हा तेरा दिवस लातुरात राहून त्यांनी त्या घराचं स्वयंपाकघर सांभाळलं. सख्ख्या भावाकडं त्या सलग चार दिवस राहिल्या नसतील.

मागच्या जानेवारीत ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याच महिन्यात लातूरला तिकीटप्रेमी मंडळाचं प्रदर्शन होतं. अवधूतराव स्वतः नांदेडला आले. म्हणाले, "अल्बम द्या, काचेत मांडतो. नंतर थोडे दिवस माझ्याकडंच राहू द्या, लेख लिहायचा आहे." ताईंनी डोळ्यावरची हिरवी पट्टी वर करून अल्बम कपड्यात गुंडाळला आणि दिला. पावती मागायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर लोकांना रजिस्टरच्या पावत्या फाडून देणारी बाई ती.

मार्चमध्ये एका दुपारी उदगीरहून वीरण्णा आले. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, मंडळाचे जुने सभासद, भोळा गडी. हातात धपाट्यांचा डबा, चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"ताई, लई दिसापासून येईन येईन म्हणून राहिलो होतो. म्हणलं, आधी तुम्हाला दाखवावं, मग चौकटीत बसवावं."

त्यांनी खिशातून पुठ्ठ्यात जपलेलं तिकीट काढलं. छपरांवरून ढांगा टाकणारा डाकवाला.

ताईंनी भिंग घेतलं, पण त्याची गरज नव्हती. डावा कोपरा पातळ झालेला होता. किनवटच्या भाड्याच्या खोलीत चिकटपट्टी सोडवताना तो त्यांच्याच हातून सोलला गेला होता. त्यांनी तिकीट उलटं केलं. मागं "कु." होतं. त्याच्या आधीची जागा खरबरीत, कागदाचे तंतू वर आलेले. खोडरबर जपून चालवलं होतं. एक शब्द गेला होता आणि त्यांचं नाव तेवढं शिल्लक होतं.

"कुणी दिलं हे?"

"अवधूतसरांनी. तुम्हीच द्या म्हणलात म्हणे. माझ्या बापाची पाकिटं दिली मी बदल्यात." वीरण्णांचा आवाज भरून आला. "बाप निजामाच्या डाकेत होता, ताई. उदगीर ते देगलूर पायी. खांद्यावर थैली, हातात घुंगराची काठी. फोटो नाही बघा त्याचा एकबी. हे तिकीट बघितलं आन् म्हणलं, हा तर आमचा आप्पाच!"

त्या पाकिटांचा गठ्ठा ताईंनी एकदा पाहिला होता. उर्दू शिक्के, सरकारी मोहरा, आणि एकावर खुद्द वीरण्णांच्या वडिलांच्या हातची नोंद. त्या माणसाच्या बापाचं जगात एवढंच उरलं होतं.

"वीरण्णा," त्या म्हणाल्या, "हे खोटं आहे. माझंच आहे, आणि खोटं आहे. मागचा शब्द कुणीतरी पुसलाय. तुम्ही सरांकडून पाकिटं परत घ्या."

वीरण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. आजारी माणसाकडं बघतात तसं मायेनं पाहिलं.

"सर बोललेच होते," ते हळूच म्हणाले. "ताईंच्या अल्बमात हे एकच खरं, ताईंचा जीव हाय त्यात, दिल्यावर वाईट वाटंल, खोटं हाय म्हणतील म्हणून. आन् आता डोळ्याचंबी... तुम्ही फिकीर करू नका. मी लई जपून ठेवीन."

धपाट्यांचा डबा तिथंच ठेवून ते निघून गेले. ताई बराच वेळ त्या डब्याकडं बघत बसल्या. पुसलेल्या शब्दाचं दुःख होतंच. पण आपण खरं बोलू आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, याची तजवीजसुद्धा त्या माणसानं आधीच करून ठेवली होती. हे त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या लातूरला गेल्या. लोहा, अहमदपूर, चाकूर. वाटेत तीन वेळा वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानंच केलं असेल, अवधूतरावांना पत्ताच नसेल. आपल्या माणसासाठी मन कशी कशी पळवाट शोधतं बघा.

अवधूतराव बैठकीच्या खोलीत मोठ्या टेबलाशी बसले होते. टेबलावर काळ्या कागदावर पाकिटं मांडलेली. वीरण्णांच्या वडिलांची पाकिटं. खाली सुंदर अक्षरात मजकूर आणि संग्राहक म्हणून अवधूतरावांचं नाव.

"या, या. डोळा काय म्हणतो?" त्यांनी खुर्ची पुढं ओढली. ताईंना लागते ती, हातांची.

"शब्द तुम्ही पुसला?"

नाही म्हणाले असते तर ताईंनी विश्वास ठेवला असता. तयारीनंच आल्या होत्या त्या विश्वास ठेवायच्या.

"हो," अवधूतराव म्हणाले. "बसा तर खरं. दिल्लीच्या प्रदर्शनासाठी निजामाच्या डाकेची मांडणी करतोय. ही पाकिटं नसती तर काही उपयोग नव्हता. त्याच्याकडं ती ट्रंकेत सडली असती, कुसुमताई. आणि तो खूश आहे. कुणाचं काय बिघडलं?"

"आणखी किती पुसलीत?"

"तेवढं एकच. तुमची शपथ."

"माझी शपथ घेऊ नका." ताईंचा आवाज चढला. "अठ्ठावीस वर्षं तुमच्या घरी आले मी. तुमच्या चुलीशी बसले. पुसायचंच होतं तर सगळं पुसायचं होतं. माझं नाव का ठेवलंत?"

"नाव नसतं तर त्यानं घेतलं असतं का?"

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. ताईंनी टेबलावरच्या पाकिटांकडं बोट केलं. मग त्या म्हणाल्या, "पाकिटं त्याची त्याला परत करा. एवढं करा, बाकी मी काही बोलणार नाही. मंडळातही नाही."

अवधूतरावांनी चष्मा पुसला. मग फोन उचलला. "त्यालाच विचारू. त्यानं परत पाहिजे म्हटलं तर आत्ता बांधून देतो." त्यांनी नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर पाकिटांच्या मध्ये ठेवला.

"वीरण्णा, ताई इथं आल्यात. तिकीट खोटं आहे म्हणतात. तुम्हाला पाकिटं परत पाहिजेत का?"

ताई पुढं वाकल्या. "वीरण्णा, मी कुसुम बोलतेय. मी तुमच्याशी कधी खोटं बोलले का? ते तिकीट परत द्या. तुमच्या वडिलांच्या वस्तू घरी न्या."

पलीकडं बसस्टँडचा गलबला ऐकू येत होता. अवधूतराव खिडकीबाहेर बघत होते.

"ताई, मला त्यातलं काय कळतंय?" वीरण्णा शेवटी म्हणाले. "एकच सांगा. मागं जे 'कु.' लिवलंय, ते तुमच्या हातचं हाय का न्हाई?"

खोलीत पंखा फिरत होता. एक शब्द. 'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. तिकीट त्याच घटकेला परत आलं असतं, त्या भल्या माणसाचा बाप त्याच्या घरी परत गेला असता. तीस वर्षांत हजारो तिकिटं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि एकाबद्दलही त्या खोटं बोलल्या नव्हत्या. जीभ टाळूला लागली. वळेना.

"माझ्या हातचं आहे," ताई म्हणाल्या. "पण त्याच्या आधी—"

"मग झालं की!" वीरण्णा मोकळेपणानं हसले. "लई जीवाला लावून घेता तुम्ही ताई. आराम करा. सर, ताईंना जेवल्याबिगर सोडू नका." फोन बंद झाला.

अवधूतरावांनी फोन उचलून खिशात ठेवला. ताईंचा अल्बम कपाटातून काढला, त्याच कपड्यात गुंडाळला आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्यांच्या डोळ्याला डोळा मात्र दिला नाही.

"तो खुणेचंच विचारणार आणि मी 'नाही' म्हणणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "म्हणूनच फोन लावलात."

"हो," अवधूतराव म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी एवढी जोखीम घेतली नसती."