करडईचे मुटकुळे
तुमच्या घरात रांधणारी बाई स्वतः गरम कधी जेवते, हे तुम्ही पाहिले आहे का? जवसाच्या तेलात लसूण तडतडला की मला वाशीमकडच्या आमच्या खेड्यातली एक हिवाळी संध्याकाळ आठवते. रोजच्या वरण-भाकरीला आम्ही भावंडे नाके मुरडायचो, म्हणून आईने करडईचा कोवळा पाला पिठात मळून वाफवलेले, वर लसणाचे तेल घातलेले मुटकुळे पहिल्यांदाच करून पाहिले. "हे तं गवत हाय, बैलाले दे!" धाकटा म्हणाला आणि आम्ही सर्वांनी ताटे सरकवली. "बैलाले कायले? मीच खातो," म्हणत आई चुलीपुढेच जेवायला बसली. शेजारी भाकरी थापणारी काकू घाबरली; आमच्याकडे बायका पुरुषांच्या मागून जेवत. "अवो बाई, मानसं जेवाचे हायेत अजून!" "जेवतीन मंग. तू बी बस." दोघी वाफाळते मुटकुळे फुंकून खाऊ लागल्या, खुदखुदू लागल्या. आमच्या तोंडाला पाणी सुटले. "माय, एक दे न!" "गवत हाय ते, बापू." तेवढ्यात वडील दारात आले. काकू पदर सावरत उठली. आई हलली नाही. वडील चुलीकडे पाहत म्हणाले, "उरलं तं मलेबी ठेवजो." घरभर हसू फुटले! आज सभेत समतेवर बोलताना मला आईची ती तेलकट बोटे दिसतात. तुम्ही आज रात्री एवढेच करा: चुलीवरची पहिली भाकर घरात रांधणारीला वाढा, आणि तिचे जेवण होईपर्यंत थांबा.