दाराची तालीम

"येते हं!" म्हणून समोरच्या वहिनी दाराबाहेर पडायच्या आणि दहा सेकंदांत परत आत. पुन्हा "येते हं!", पुन्हा दार. योकोहामात आमची दारं समोरासमोर. मी घरून काम करायचो आणि ते दार दिवसभर माझ्या डोक्यात वाजायचं. या बाईंचं काही बिनसलंय, असं मला वाटलं. तुम्ही असतात तर तुम्हालाही तेच वाटलं असतं.

मग बंडू कळला. प्राण्यांच्या संस्थेतून आणलेला तपकिरी, म्हातारा कुत्रा. आधीचा मालक घर बदलताना त्याला आत कोंडून निघून गेला होता. तेव्हापासून दार लागलं की हा थरथरायचा, पंजे रक्ताळेपर्यंत दार ओरबाडायचा आणि रडून इमारत डोक्यावर घ्यायचा. दोन घरांनी त्याला परत दिलं होतं. आमच्या इमारतीच्या व्यवस्थापकांनीही वहिनींना अतिशय नम्रपणे सांगितलं: महिनाभरात आवाज थांबला नाही, तर कुत्रा ठेवता येणार नाही.

म्हणून ही तालीम. आधी नुसती किल्ली हातात घेऊन बसायचं. मग बूट घालून दारातच मटार सोलायचे. मग दहा सेकंद बाहेर, मग वीस. तो रडला की पुन्हा दहावर.

"त्याला मराठी काय कळतंय, वहिनी? 'जाते' म्हणा नाहीतर काहीही."

"काहीतरीच अभद्र! जाते म्हणतात का कधी, भावजी? येते म्हटलं की यावं लागतं. तेवढं त्याला कळलं की झालं."

वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात दिसल्या की काळजीने विचारायच्या, "वासुरेमोनो?" म्हणजे, काही विसरलात का? वहिनी दर वेळी वाकून "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणायच्या. "तीस वेळा विसरणारी बाई म्हणून नाव झालंय माझं," म्हणून हसायच्या. पण हसतानाही कान दाराकडे आणि एक पाय सतत हलता. चहा दिला तर उभ्यानेच, तोही अर्धा.

महिना संपत आला तशी त्यांची झोप उडाली. मी म्हणालो, "द्या परत. दुसऱ्या कुणाला जमेल."

"तिसऱ्यांदा? तुम्हाला कुणी तीनदा परत दिलंय?"

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर वेळ लावून मीही जिन्यात उभा राहू लागलो.

शेवटच्या दिवशी वहिनी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, जाऊन दूध-अंडी घेऊन आल्या. चाळीस मिनिटं! मी दाराला कान लावून होतो. आतून घोरणं ऐकू येत होतं. मी खुणेनं तसं सांगताच त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्या पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. दाराकडे कान न देता त्यांना बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

दोन वर्षांनी त्यांच्या यजमानांचं कंत्राट संपलं. पुण्याला परतायचं ठरलं. बंडूचं हृदय अधू होतं, डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. तो माझ्याकडे राहायचा ठरला. महिनाभर आधीच त्याची गादी माझ्या घरी आली आणि वहिनी रोज तिथे त्याला सोडून जायचा सराव करू लागल्या.

निघायच्या सकाळी बॅगा खाली गेल्या. वहिनी माझ्या दारात बूट घालत होत्या. फार वेळ घालत होत्या. बंडूने एक डोळा उघडला, शेपटी दोनदा आपटली आणि कूस बदलून झोपला.

"बघा," त्या म्हणाल्या, "किती छान जमतं आता त्याला." आणि मान फिरवून भराभर जिना उतरल्या.

तो घोरत होता. संध्याकाळपर्यंत येरझारा घालत होतो तो मीच.