भोकरदनच्या गाडीतला तास

वर्गात शिरले की सर आधी खिडकीशी जात, कानामागं तळहात धरत आणि विचारत, "भोकरदन आलं का?"

गाव कधी चालत येतं का, असं तुम्ही म्हणाल. पण सरांचा तर्कशास्त्राचा तास आठच्या घंटेनं सुरू होत नसे; भोकरदनची एसटी कॉलेजच्या फाटकाशी थांबली की सुरू होई. निम्मा वर्ग त्या गाडीत असे. गाडीची वेळ साडेसातची. ती वेळ तिनं पाळलेली माझ्या पाहण्यात नाही. माझ्या आजोबांच्याही नसावी.

तोवर आम्हा जालनेकरांना सर गोष्टी सांगत. त्यांच्या सासऱ्यांच्या रेड्याची गोष्ट दिवाळीला सुरू झाली ती होळीपर्यंत पुरली. गाडीचा खडखडाट आला की रेडा असेल तिथं उभा राही. खेड्यांतली पोरं धुळीनं माखून बाकांवर बसत, मगच सर फळ्याकडं वळत. हजेरी अगदी शेवटी.

एका सकाळी नवे प्राचार्य दारात उभे. आत रेडा गोदावरी पोहत होता.

"हा कुठला धडा?"

"प्रस्तावना, साहेब."

प्राचार्य शिस्तीचे असे, की त्यांच्या अंगणातल्या कोंबड्याही रांगेनं दाणे टिपत. त्यांनी नोटीस लावली: घंटेबरोबर तास सुरू, सुरुवातीलाच हजेरी, तेव्हा वर्गात नसेल तो गैरहजर. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नाही.

गाडीवाल्यांचे चेहरे पडले. सगळ्यात जास्त शांताचा. भोकरदनजवळच्या तिच्या बौद्धवाड्यातून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी.

"सर, परीक्षेला बसू न्हाई दिलं तर बाबा म्हणून राह्यले, मंग घरीच बस. पाहुणेबी बघून ठेवलेत."

"नियम बराबर आहे," सर म्हणाले. "पाळू की."

शांता मान खाली घालून निघून गेली. आम्हालाही सरांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. प्राचार्य घड्याळ धरून दारात. आम्ही जालनेकर बाकांवर. सरांचा पत्ता नाही!

सर पहाटेच दुधाच्या ट्रकात, कॅनच्या मधोमध बसून वाटेवरच्या राजूरला गेले आणि तिथं भोकरदनच्या गाडीत चढले होते. आठ वाजता धावत्या गाडीत उभं राहून त्यांनी हजेरी घेतली. शांता हजर. आम्ही सगळे गैरहजर. मग लगेच धडा.

"सगळी माणसं मर्त्य आहेत. हा ड्रायव्हर माणूस आहे. म्हणून..."

"ओ मास्तर!" ड्रायव्हर ओरडला. "गाडी चालवून राह्यलो मी! असलं नका बोलू!"

महिनाभर हेच. जालन्याच्या बाजाराला निघालेल्या बायका तर्कदोष ओळखायला लागल्या, आणि कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालणं अवघड झालं. आम्ही मात्र रोज वेळेवर येऊन रोज गैरहजर.

प्राचार्यांनी सरांना बोलावलं. आम्ही दाराला कान लावून होतो.

"अहो, वर्ग कॉलेजात भरतो!"

"तसं नोटिशीत न्हाई, साहेब. आणि तुमच्या भाच्याची हजेरी फार कमी भरतीय. लांबून येत असेल बिचारा."

भाचा राहायचा प्राचार्यांच्याच बंगल्यात, कॉलेजच्या आवारात.

संध्याकाळच्या आत नोटीस निघाली. हजेरी पुन्हा तासाच्या शेवटी, आणि तो महिना सगळ्यांनाच माफ. भाच्यासोबत शांताचीही हजेरी भरली.

संस्थेनंही सरांची कदर केली. परीक्षेच्या तोंडावर त्यांना घनसावंगीच्या पुढं एका नव्या कॉलेजात पाठवलं. तिथं अजून इमारत नव्हती. 'यांना इमारतीची गरज पडत नाही,' असा शेरा हुकमावर होता म्हणे.

पहिल्या पेपरला एसटी वेळेआधी आली. खोटं वाटेल, पण आली. शांता उतरून थेट हॉलमध्ये गेली. गाडीनं पुढं स्टँडवर जायला हवं होतं, पण ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि हॉलसमोरच्या पायरीवर येऊन बसला. सरांची बदली आम्हीच त्याला सांगितली होती. आतले प्रवासी खिडक्यांतून बोंबलत होते.

"अरे, जल्दी चल ना! खोळंबा करून राह्यला!"

त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला. "पोरीच्या हातात पेपर पडू द्या."