हरवलेलं दीड फूट लाकूड

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. खून, दरोडे, पळवापळवी असं सगळं नोकरीत पाहिलं आणि त्यातलं निम्मं आता आठवायला बसलो तरी आठवत नाही. पण लोहारा तालुक्यात ठाण्याचा प्रभारी असताना आलेला एक साधा अर्ज मात्र आठवतो. एका सुतारकामाच्या ठेकेदाराने स्वतः बांधलेलं छत स्वतःच उतरवलं आणि तुळई पळवली, अशी ती तक्रार होती. वाचून मी ठाणे अंमलदाराला विचारलं, “लिहिताना काही उलटंसुलटं झालं नाही ना?” तो म्हणाला, “न्हाय साहेब, मी दोनदा विचारून घेतलं.”

अर्जदार धरणाजवळच्या गावातला, पाटबंधारे खात्यात नोकरी करणारा गृहस्थ. भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्यांच्या घरापुढे त्याने एक मोठी खोली काढली होती. आमच्या भागातली माणसं डोक्यावर दगडमाती घ्यायला अजूनही तयार नसतात, म्हणून छत लाकडी. मधोमध एक जाड सागवानी तुळई, तिच्यावर आडवे वासे, वर फळ्यांचा माळा आणि त्यावर पत्रे. म्हाताऱ्या आईची झोपायची जागा त्याच खोलीत ठरली होती. रविवारी गृहप्रवेश होता, वंदनेला भन्ते येणार होते, पुण्याहून पाहुणे निघाले होते. शुक्रवारी घरचे सगळे खरेदीला धाराशिवला गेले. परत येऊन बघतात तर छत जमिनीवर. पत्रे एकीकडे, फळ्या एकीकडे, वासे एकीकडे, सगळ्यांची नीट थप्पी लावलेली. तुळई तेवढी गायब.

“साहेब, माझ्या घराची किल्ली त्याच्याकडं होती,” अर्जदार म्हणाला. “असा तसा माणूस नव्हता निवडला. त्यानं काम केलेली तीन घरं बघून आलो होतो. दारं लावून बघितली, खिडक्या हलवून बघितल्या, घरच्या बायकांना विचारलं की पावसाळ्यात दार फुगतं का. सगळ्यांनी एकच सांगितलं, लई चोख माणूस हाय. आन त्यानंच असं करावं?”

“काही कुरबुर झाली होती?”

“बुधवारी आला होता. म्हणला, गृहप्रवेश आठ दिवस पुढं ढकला. का, तर सांगेना. आमंत्रणं गेलेली, मी कसा ढकलू? दुसरीकडचं काम धरलं असेल म्हणून मला लांबवतोय, असं वाटलं. चार शब्द जास्त बोललो मी.”

लगेच गुन्हा दाखल न करता मी अर्ज चौकशीवर ठेवला. ते नियमात बसत होतं की नाही, यावर आता वाद नको. शनिवारी सकाळी जागेवर जाऊन पंचनामा केला. शेजारी म्हणाले, भर दुपारी दोन कामगार घेऊन आला, टेकू लावून एकेक लाकूड खाली घेतलं. कामच चाललंय असं वाटून एका बाईने त्यांना चहासुद्धा दिला होता. गुन्हेगाराला घटनास्थळी चहा मिळाल्याचं माझ्या नोकरीतलं ते एकमेव उदाहरण.

दुपारी बसस्टँडवरच्या आमच्या एका खबऱ्याने निरोप दिला. तुळई ठेकेदाराच्या शेडमध्ये आहे आणि धाराशिवला एका बड्या माणसाच्या बंगल्यात बसणार आहे. खबऱ्यांची खबर बहुतेक वेळा अर्धी खरी असते. अर्धी कुठली, ते ज्याचं त्याने शोधायचं. आम्ही शेडवर गेलो. तुळई होती, पण करवतीने कापलेली. एवढं चांगलं सागवान चोरून कुणी मधून कापतं का? हवालदाराने टेप लावला. एक तुकडा साडेसहा फूट, दुसरा सहा फूट. अर्जात तुळई चौदा फूट लिहिली होती. दीड फूट लाकूड कमी भरलं. दोन्ही तुकडे मुद्देमालात घेतले आणि ठेकेदाराला ठाण्यात आणलं.

माणूस पंचेचाळिशीचा. कानावर पेन्सिल तशीच. मी नेहमीप्रमाणे ‘तू’ने सुरुवात केली.

“तुळई तू उतरवलीस?”

“व्हय साहेब.”

“का?”

“ते न्हाय सांगता येत.”

“मधला तुकडा कुठाय?”

मी आवाज चढवला, मग उतरवला. हवालदाराने समजुतीने विचारलं, दरडावून विचारलं. पठ्ठ्या ताकास तूर लागू देईना. एवढंच म्हणाला, “नवी तुळई सांगितलीय, मंगळवारी येतीय. म्या बसवून देतो.” आणि जरा वेळाने त्यानेच मला विचारलं, “साहेब, त्यांनी गृहप्रवेश पुढं ढकलला ना? त्या खोलीत माणसं बसणार न्हाईत ना?”

मला तो चक्क आगाऊपणा वाटला. आता कबूल करतो, तिथेच माझे कान उभे राहायला हवे होते. मी त्याला बजावलं, संध्याकाळपर्यंत तोंड उघड, नाहीतर चोरीचा गुन्हा दाखल करतो. त्याचा चेहरा उतरला. एकदा चोर म्हणून नाव लागलं की पुन्हा कुणी त्याच्या हातात घराची किल्ली देणार नव्हतं, आणि किल्ल्यांशिवाय या धंद्यात काय राहतं? हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी तो बोलला नाही.

पोलिसाला खोटं बोलणाऱ्याचा त्रास होत नाही, त्याची सवय असते. खरं बोलून मध्येच थांबणारा माणूस मात्र छळतो. मी अर्जदाराला पुन्हा बोलावलं आणि त्या मधल्या दीड फुटात काय होतं ते विचारलं.

“तिथं मोठी खाच होती, साहेब. दोन मोठे वासे तिच्यात बसतात. ती त्याच्या वस्तादांनी काढली. त्यांचं वय झालंय, पण पहिली खाच मानानं त्यांच्याच हातची असती.”

मी जीप काढली आणि वस्तादांच्या गावी गेलो. सत्तरी ओलांडलेला, ताठ बसणारा माणूस. घरातून चहा आला. त्यांचा हात जमिनीवरून सरकत सरकत बशीपर्यंत गेला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

“वस्ताद, दिसतं का नीट?”

“सकाळच्याला बरं दिसतंय. दुपारनंतर धुकट.”

“त्या धरणाजवळच्या घराची खाच कधी काढलीत?”

त्यांनी बशी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, “दुपारी. का साहेब, चुकली का?”

झालेलं सगळं मी त्यांना सांगितलं. ते सांगताना, खरं सांगतो, मला लाज वाटत होती.

“तुमच्या मागून कुणी माप घेतलं नाही?”

“आमच्यात वस्तादाच्या खाचंवर माप लावत न्हाईत,” ते म्हणाले. “त्यानं लावलं असतं तर म्या त्याच दिवशी हातातली पटाशी कायमची खाली ठिवली असती. त्याला ते म्हाईत हाय. चला साहेब, मला न्या.”

ठाण्यात त्यांना बघताच ठेकेदार उठून उभा राहिला. “तुम्ही कशाला आलाव, वस्ताद?” म्हातारा अर्जदाराच्या दिशेने हात जोडून म्हणाला, “हात माझा चुकला. ह्याला सोडा.”

मग ठेकेदाराला बोलणं भाग पडलं. बुधवारी माळ्यावर चढला तेव्हा पायाखाली बारीक कुरकुर झाली. एक फळी काढून पाहिलं तर दोन बोटं हवी तिथे पाच बोटं खोल खाच. फळी परत बसवली असती तर ते कुणाच्या नजरेला पडलं नसतं. रविवारी माळ्यावर पोरं चढणार, खाली चाळीस माणसं बसणार. मालक ऐकेना, कारण सांगावं तर वस्तादांचं नाव जाणार. म्हणून भर दुपारी छत उतरवलं आणि खाचेचा तेवढा तुकडा कापून चुलीत घातला.

“आणि चोर ठरला असतास तर?” मी विचारलं.

“मला सगळं काम त्यांनी शिकवलंय, साहेब.”

अर्जदार खाली मान घालून बसला होता. म्हणाला, “माझी आई निजणार होती तिथं.” त्याने अर्ज मागे घेतला. गृहप्रवेश पुढच्या पंधरवड्यात झाला, छत त्याच ठेकेदाराने बांधलं. मी गेलो होतो. त्याला तोपर्यंत मी ‘तुम्ही’ म्हणायला लागलो होतो, कधीपासून ते माझं मलाच आठवत नाही. वस्ताद पहिल्या रांगेत बसले होते आणि पाहुण्यांपैकी कुणालाच कशाचा पत्ता नव्हता.

निवृत्तीनंतर मी घराचं काम काढलं तेव्हा लोकांनी सल्ले दिले, दर विचारा, नमुने बघा. मी सरळ त्याला फोन केला. असा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. त्याने वस्तादांची अब्रू सांभाळली, पण ती सांभाळायला चुकलेली तुळई कुणाच्या डोक्यावर ठेवली नाही.

हे मी उगाच लिहीत नाही. फौजदार म्हणून नवा असताना माझ्या वरिष्ठांनी केलेला एक पंचनामा मला चुकीचा दिसला होता. मला हे काम शिकवलं ते त्यांनीच. अंतर चुकीचं लिहिलं होतं, आणि त्या अंतरावर एका माणसाची सुटका अवलंबून होती. त्यांचा मान राखायला मी पुन्हा माप घेतलं नाही. खाली सही केली. तो माणूस चार वर्षांनी अपिलात सुटला, तोवर त्याची आई गेली होती.