अन्सार मिस्त्रीचं पातेलं

अन्सार मिस्त्री आणि त्याच्या बायकोचं, अनवरीचं, ते भांडण साळूबाईनं मुद्दाम ऐकलं नव्हतं. मुकुंदवाडीतल्या त्या दोन घरांमधली भिंतच अशी, की पलीकडं कांदा चिरला तर अलीकडं डोळ्यांत पाणी यायचं.

"जाके बोलो साळूबाई कू," अनवरी म्हणत होती, "के डाग तुमने जाड दिया, इसलिए गाडी रुकी."

"नक्को," अन्सार म्हणाला. "बोला तो वो फिर पातेला नईं देगी."

आदल्या दिवशी साळूबाईच्या थोरलीची, सायलीची, पाठवणी झाली होती, घरच्या जुन्या फियाटमधून. रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली ती थांबलीच. नवरी रिक्षातून सासरी गेली. तेव्हापासून सायलीच्या हातून दूध जरी उतू गेलं तरी सासू म्हणायची, "फाटकातच अडलेली ही."

पातेल्याचं असं होतं. फियाटच्या कारबोरेटरमध्ये पितळेची एक पोकळ डबी असते. पेट्रोल भरलं की ती तरंगत वर येते आणि पेट्रोलची वाट बंद करते. तिला भोक पडलंय का हे बघायला अन्सार ती कढत पाण्यात बुडवायचा. बुडबुडा आला की भोक सापडलं, मग त्यावर कथलाचा डाग द्यायचा. अनवरी आपल्या चुलीवरचं भांडं देईना, म्हणून तो साळूबाईचं न्यायचा. गाडी नीट धावली की घासूनपुसून परत आणायचा, आणि रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणून आत मूठभर साखर घालायचा. तिला पेट्रोलचा वास. साळूबाई ती मुंग्यांना टाकायची. मुंग्यासुद्धा जरा विचार करूनच खायच्या. फक्त सायलीच्या लग्नानंतर पातेलं रिकामं आलं होतं.

आता धाकट्या मोनिकाचं लग्न ठरलं. ती अडूनच बसली. "मी त्याच गाडीतून जाणार. ताईला लागलेला बोल मला पुसायचाय." आणि नेमकी गाडी पुन्हा गुदमरायला लागली. तिच्या वडिलांनी, मोतीरामनं, मोबाईलवरून नवा कारबोरेटर मागवला, तर त्याची भोकंच जुळेनात.

"बजाजनगरला देतो एका गॅरेजात," मोतीराम म्हणाला.

"अन्सारभाईंनाच द्या," साळूबाई म्हणाली.

"अजून एक पोरगी रिक्षात बसवायची का?"

"द्या म्हणते ना."

अन्सार पातेलं मागायला आला आणि उंबऱ्यातच घुटमळला. "भाभी, त्या बारीला..."

"माहीत हाय. भिंत पातळ हाय."

"इतकी वर्षं?"

"पातेलं कधी नाय म्हणलं का तुम्हाला?"

अंगणातच त्यानं काम मांडलं. जुना जाड डाग खरवडून काढला, नवा टिकलीएवढा दिला. डबी पाण्यात बुडवली. बुडबुडा आला. त्यानं डबी पुसली, परत डाग दिला. परत बुडबुडा. म्हाताऱ्यानं डाग खरवडून पुन्हा द्यायला घेतला.

"जाड देऊन टाका की एकदाचा," मोतीराम वैतागला.

"जाड दिला की डबी जड होते. वर येत नाय. पेट्रोल उतू जातं, इंजिन बंद पडतं." अन्सारनं मान वर केली नाही. "मागं तसंच झालं होतं. चूक माझी होती."

साळूबाईनं पातेल्याखालचा जाळ सारखा केला. अन्सारनं डबी परत बुडवली. पाणी गप्प राहिलं.

पाठवणीला मोतीराम स्वतः गाडी चालवायला बसला. अन्सार लुनावर मागं निघाला. गाडी कोपऱ्यावर वळली आणि रेल्वेची शिट्टी ऐकू आली. म्हणजे फाटक पडलं. म्हणजे गाडी त्याच जागी, इंजिन चालू ठेवून उभी. साळूबाईनं फोन लावला. गाडी चालवताना मोतीराम उचलत नाही. बायका जेवायला बोलावत होत्या. ती दारातून हलली नाही.

लुना परत आली. अन्सारनं तिच्याकडं पाहिलं नाही, सरळ आपल्या घरात गेला. पलीकडून पाण्याचा आवाज आला, अनवरी काहीतरी बोलली. भिंत मेली आजच जाड झाली होती.

मग तो बाहेर आला. नेहमीसारखं, हाक न मारता, घासायला नेलेलं पातेलं तिच्या ओट्यावर ठेवून हात धुवायला गेला.

आत मूठभर साखर होती.