वनिता तिसऱ्यांदा नापास

एचआरमध्ये पंधरा वर्षं काढली की पगार साठत नाही, किस्से मात्र ढिगाने साठतात! माझ्याकडचे निम्मे तर एकट्या वनिताचे. महापेला आमचं कॉल सेंटर. फ्रिज, एसी बिघडले की लोक आम्हाला फोन करून शिव्या घालतात. इथे नोकरी हवी तर कम्प्युटरवरची टेस्ट पास व्हायला लागते. आमच्या देशमुख सरांची त्या टेस्टवर देवासारखी श्रद्धा!

*

वनिता तळवलीची. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, म्हणून नोकरीला आली आणि टेस्टमध्ये नापास झाली. बाकीचे तोंड पाडून निघून जातात. ही माझ्या टेबलाशी! "मॅडम, कुठं चुकलं ते सांगा. मी सोमवारी परत येनार हाय."

आली. परत नापास!

*

त्याच सोमवारी बाहेर एक इंजिनिअर मुलगी घाबरून रडत होती. वनिताने तिला पाणी पाजलं, हसवलं, ढकलून आत पाठवलं. ती मुलगी पहिली आली. आणि स्वतः नापास झालेली वनिता तिच्याकडे पेढे मागायला थांबली होती!

वनिताला घ्याच म्हणून मी सरांच्या मागेच लागले. शेवटी सर म्हणाले, "सहा महिने घेऊ. मग टेस्ट पास झाली तर पर्मनंट, नाहीतर घरी."

*

एकदा लिफ्ट बंद पडली. आत सर आणि वनिता. सरांचा बंद जागेत जीव गुदमरतो, त्यामुळे बाहेर आम्हाला टेन्शन. अर्ध्या तासाने दार उघडलं, तर सर तिला कोळंबीच्या रश्शाची रेसिपी विचारतायत.

सर शुद्ध शाकाहारी!

*

आमच्याकडे पद्धत आहे. ग्राहक फारच भडकला की लाल कार्ड वर करायचं, मग सर येऊन कॉल घेतात. वनिता आल्यापासून कार्ड वर गेलं की पोरं तिच्याकडेच बघायची. सीवूड्सचे एक गृहस्थ फ्रिजवरून नुसते किंचाळत होते. ही आपली, "हां दादा... बरोबर हाय दादा." वीस मिनिटांनी तेच विचारतायत, "ताई, तुम्ही जेवलात का?"

बाई गं! मी तिला हात जोडले.

*

सहा महिने भरले. टेस्ट झाली. वनिता नापास!

मी सरांशी भांड भांड भांडले. "नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. संध्याकाळी केबिनमध्ये बोलावून त्यांनी तिला पत्र दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली, "थँक्यू सर" म्हणाली. रडू मलाच येत होतं.

ती पर्स घेऊन दारापर्यंत पोचली आणि सरांचा फोन वाजला. एक बिल्डर. त्याच्या अख्ख्या टॉवरचे एसी बंद! त्याचा आवाज मला समोरच्या खुर्चीत ऐकू येत होता. सर "अहो, ऐका तरी" म्हणेपर्यंत तो दुप्पट चढायचा. सरांना दरदरून घाम फुटला.

सरांनी खण उघडला आणि लाल कार्ड वर केलं.

वनिताने पर्स खाली ठेवली, एका हाताने फोन घेतला. दुसऱ्या हातातलं पत्र सरांनी हळूच काढून घेतलं.

"हां दादा, बोला!"